महिपतीच्या वाट्याचं ऊन

१५ जून २००८, रविवार

शौनक आणि सूनबाई तनया आज अमेरिकेला गेले. कंपनीचं काम आहे, सहा महिन्यांचं. डिसेंबरात परत. जाताना आमच्या चिरंजीवांनी आईला नवा मोबाइल दिला आणि मला सरडा.

अगदी खरा, जिवंत सरडा. येमेन देशाकडच्या जातीचा. डोक्यावर उंच तुरा, अंगावर हिरवे-पिवळे पट्टे, वय अजून वर्षाचं नाही. बाणेरच्या त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तो जाळीच्या पिंजऱ्यात असायचा. फ्लॅट सोडला, सामान इकडे आलं, त्याबरोबर हाही आमच्या नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत आला. बाल्कनी म्हणायची ती सवयीने. गेल्या वर्षी शौनकने तिला सरकत्या काचा बसवून दिल्या. धूळ नको, कबुतरं नकोत. आता ती काचेची खोली आहे.

‘काय खाल्लं, कसं खाल्लं, लिहून ठेवा,’ असं तो सांगून गेला, म्हणून ही वही. पण जन्मभर पोरांना मराठी शिकवलेला माणूस मी. वही उघडली की सरड्यापुरतं लिहून थांबणं कठीण.

त्याच्या सूचना अशा. किडे जिवंत हवेत, मेलेले तो खात नाही. देण्याआधी ते कॅल्शियमच्या पांढऱ्या पुडीत घोळवायचे. जीवनसत्त्वांची पूड वेगळी, ती महिन्यातून दोनदाच. जास्त झाली तर बाधते. वाटीतलं पाणी त्याला दिसतच नाही, पानांवर फवारलं की थेंब चाटतो. उगाच हात लावायचा नाही. आणि पिंजऱ्यावरची लांब नळी सकाळी लावायची, संध्याकाळी बंद करायची.

‘दिवसा?’ मी विचारलं.

‘दिवसाच, बाबा. ती साधी ट्यूब नाहीये, यूव्ही आहे. प्लीज, विसरू नका.’

त्याने ह्याचं नाव पिक्सेल ठेवलंय. हे नाव माझ्या तोंडून निघणार नाही. मी पाहिलं तेव्हा तो फांदीवर बसून एक डोळा माझ्याकडे आणि दुसरा बायकोकडे, सुनीतीकडे, फिरवत होता. दोन्ही पक्षांचं ऐकून निवाडा देणार असल्यासारखा. मी त्याचं नाव महिपती ठेवलं.

सुनीती म्हणाली, ‘प्रजेत मला धरू नका.’

१८ जून

शनिवार पेठेत शोभेच्या माशांचं एक दुकान आहे, तिथे रातकिडे मिळाले. डबाभर. आता त्यांनाही खाऊ घालायचं. ते जे खातील तेच महिपतीच्या अंगी लागणार.

‘गाजर किसायचं? किड्यांसाठी? माझ्या किसणीवर?’

‘अगं, शेवटी ते महिपतीच्या पोटात जातं.’

‘म्हणजे नैवेद्य. मग तुमची किसणी वेगळी आणा.’

आणली. पहिला रातकिडा सोडला. महिपतीने दोन्ही डोळे त्याच्यावर आणले, मान थोडी पुढे काढली आणि जीभ सुटली. केवढी लांब! त्याच्या अंगाहूनही लांब असेल. मी पाहिलं म्हणेपर्यंत किडा त्याच्या तोंडात होता. बारा वर्षांच्या मुलासारखा मी टाळी वाजवली.

सुनीतीने स्वयंपाकघरातून विचारलं, ‘मेला का?’

‘कोण?’

‘कोणीही.’

३ जुलै

आज नळीचा विचार केला.

दिवसाढवळ्या दिवा जाळणं आमच्या घरात कधी झालं नाही. माझे वडील शाळेतून आल्यावर आधी दिवे बघायचे, मग आम्हाला. एकीकडे वीज जाते म्हणून सगळं शहर कोकलतंय आणि दुसरीकडे आमच्या बाल्कनीत, पूर्वेची काच लख्ख असताना, एका सरड्यासाठी सकाळपासून ट्यूब! उन्हाला पर्याय म्हणून नळी, हे ह्या संगणकवाल्यांनाच सुचू शकतं. दिवसभर बंद खोलीत बसतात, त्यांना खरं ऊन कुठून माहीत असणार?

आमच्या तिसरीच्या पुस्तकात कोवळ्या उन्हाची एक कविता होती. सगळा वर्ग मांडी घालून, डुलत डुलत, एका सुरात म्हणायचा. शब्द आता अर्धेच आठवतात. चाल मात्र पूर्ण आठवते.

तेव्हा ठरलं. नळी फक्त अंधारून आलं तर, थोडा वेळ. एरवी पिंजरा काचेला लावून ठेवायचा. पलीकडे सुनीतीचं स्टूल. तिच्याही गुडघ्यांना डॉक्टरांनी ऊन सांगितलंय. आज दोघांसाठी मिळून दोन ओळी जुळल्या:

महिपती राजा, हिरवा फेटा,
उन्हात तुझा अर्धा वाटा!

सुनीतीला म्हणून दाखवल्या. ‘उरलेला अर्धा माझा का?’ म्हणाली. ‘बरं झालं, काहीतरी नावावर झालं.’

२४ ऑगस्ट

जिन्यात रामदास भेटला. खालच्या मजल्यावर राहतो, सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि एकेकाळी माझ्या वर्गात होता. तिन्ही गोष्टींचा त्याला अभिमान आहे.

‘काय सर, सरडा पाळलात म्हणे?’

‘पाळला नाही. सांभाळतोय. मुलाचा आहे.’

‘मुलाचा? म्हणजे नातूच की!’

मी पुढची पायरी चढलो. पण हे पुण्यातलं संभाषण, एका टोल्यात संपत नाही.

‘सर, सरड्याची धाव कुंपणापर्यंत, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला.’

‘मग?’

‘मुलांची कुठपर्यंत, ते नव्हतं हो पुस्तकात.’

वर येऊन महिपतीला पाणी फवारलं. पानावरचा थेंब त्याने डोळे मिटून घेतला. मी मनात म्हटलं, डिसेंबरात शौनक दारात उभा राहील तेव्हा ह्याला असा धडधाकट, झळझळीत त्याच्या हातात देईन, आणि रामदासला मुद्दाम वर चहाला बोलावीन.

२८ सप्टेंबर

शौनकचा फोन. तिकडे बँका बुडतायत. डिसेंबरचं काही खरं नाही, मार्च धरा, म्हणाला.

‘आत्ता परत आलो तर काम नाही, बाबा. नुसतं बसवून ठेवतील.’

‘बस की मग. आमच्याकडे बस. आईने तुझ्या खोलीतल्या गाद्या नव्या करून घेतल्यात.’

तो हसला. आईशी बोलला. ठेवता ठेवता मीच म्हणालो, तुझा सरडा मजेत आहे.

‘ओह, गुड, गुड. लाइट लावताय ना?’

‘लावतो.’

हे खोटं नाही. लावतोच. किती वेळ, ते त्याने विचारलं नाही.

तरी फोन ठेवल्यावर जाऊन नळी लावली. थोड्या वेळाने सुनीती म्हणाली, ‘एवढं ऊन आलंय आणि हे काय?’ तेव्हा बंद केली.

२८ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा. महिपती माणसाळला!

आठ-दहा दिवस बघतोय, तो जीभ फेकायचं टाळतो. किडा दूर असला की नुसता बघत बसतो. म्हणून आज चिमट्यात धरून अगदी तोंडाशी नेला. महिपती एक एक पाय टाकत पुढे आला आणि सरळ तोंडाने उचलला. दुसरा किडा मी बोटांत धरला. तोही घेतला! त्याचे ओठ माझ्या बोटाला लागले.

मला वाटतं, जीभ ही लांबच्यासाठी असते. जवळच्यासाठी तिची गरज काय? आईच्या हातून घास घेताना कोणतं पोर झडप घालतं? शौनक पाच वर्षांचा होईपर्यंत माझ्या हातून जेवायचा. एक घास चिऊचा, एक काऊचा. ह्याच बाल्कनीत, तेव्हा काचा नव्हत्या.

सुनीती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, ‘जीभ का टाकत नाही पण?’

‘विश्वास बसलाय त्याचा.’

‘हं. माझाही बसला होता.’

आणि फराळाचं ताट करायला गेली. शौनककडे फराळाचं पार्सल मागच्या आठवड्यातच पाठवलं होतं. मिळालं का, अजून कळलं नाही.

१६ नोव्हेंबर

महिपतीचा रंग हल्ली मळकट दिसतो. सकाळच्या उन्हातसुद्धा करडा. पुढचे पाय कोपरात बाहेर वाकलेत. फांदीवर बसतो तो वीरासन घातल्यासारखा. चालताना सगळं अंग लटपटतं. सुरुवातीला वाटलं हा त्याच्या जातीचा डौल असेल, पानासारखं हलायचं. तसं ते हलतातही. पण हे वेगळं वाटतं.

पूड कमी पडत असेल म्हणून दुप्पट लावायला सुरुवात केली. किडे पिठात लोळवल्यासारखे दिसतात.

‘कुणाला तरी दाखवा त्याला,’ सुनीती म्हणाली. ती कंबर धरून उठत होती. तिचंही हल्ली हेच चाललंय, कुठे पाठ, कुठे मनगट. वय.

‘थंडीचं होतं असं.’

‘मग शौनकला विचारा.’

ते नको. विचारलं की तो आधी नळीचं विचारणार. हे इथे लिहितो कारण ही वही मी त्याला दाखवणार नाही असं आजच ठरवलंय.

५ डिसेंबर

महिपती फांदीवरून पडला. आवाज असा झालाच नाही. खडूचा तुकडा पडला तरी जास्त होतो. मी वाचत होतो. वर पाहिलं तर फांदी रिकामी. तो खाली आडवा होता, आणि उभं राहायला एकही पाय त्याचं ऐकत नव्हता.

हात लावू नका असं शौनकने सांगितलं होतं. पहिल्यांदा लावला. त्याने विरोध केला नाही.

६ डिसेंबर

खडकीला एक डॉक्टर आहेत, वेगळे प्राणी बघतात, असं माशांच्या दुकानात कळलं. टोपलीत ओली पानं घालून त्यावर महिपती ठेवला आणि रिक्षा केली. संचेती हॉस्पिटलच्या पुलापाशी रिक्षावाल्याने मान मागे वळवली. मग म्हणाला, ‘आजोबा, ते चावत नाही ना?’ मी म्हटलं, ‘आता नाही.’

डॉक्टर उत्कर्षा, अकोल्याकडची मुलगी. वय शौनकपेक्षा कमीच. महिपतीचा जबडा तिने करंगळीने हलकेच दाबला आणि तो दबला. मला बघवलं नाही. मग तिने एक्स-रे काढला आणि फिल्म उजेडावर धरून दाखवली. फळ्यावर लिहून डस्टर फिरवल्यावर जी पुसट अक्षरं राहतात तशी हाडं.

‘कॅल्शियम देत होता काका?’

‘रोज. हल्ली दुप्पट.’

‘आणि ऊन?’

‘भरपूर. पूर्वेची बाल्कनी आहे आमची.’

‘उघडी?’

‘काचा आहेत.’

तिने फिल्म खाली ठेवली. ‘काका, काचेतून उजेड येतो, ऊब येते. पण हाडांना जे लागते ना, उन्हातलं, ते काचेतच अडतं. ते मिळालं नाही तर कॅल्शियम कितीही खा, अंगी लागत नाही. म्हणून तर त्यांना यूव्हीची ट्यूब लावावी लागते. नव्हती का?’

‘होती.’

‘मग?’

काय सांगणार? वडिलांचं सांगू? वीज जाते ते? तिसरीची कविता? ‘दिवसा दिवा लावायचा नसतो, असं वाटलं,’ मी म्हणालो.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

‘पण खात होता तो,’ मी म्हटलं. ‘माझ्या हातून घ्यायचा. जीभ टाकायचं सोडून दिलं होतं त्याने. माणसाळला होता.’

‘सोडलं नव्हतं काका. त्याला टाकताच येत नव्हती. जिभेच्या मागचं हाड गेलं, ताकद गेली.’

‘मग हातून का घ्यायचा?’

‘भूक लागत असेल ना त्याला.’

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. पुढे म्हणाली की तुम्ही भरवत होता म्हणून इतके दिवस निघाले. हे मला बरं वाटावं म्हणून होतं, एवढं मला कळतं.

औषध दिलंय, ड्रॉपरने घालायचं. रोज उघड्यावरचं ऊन, आणि नळी दिवसभर. वाकलेले पाय सरळ होणार नाहीत. जगला तर असाच जगेल.

घरी आलो तेव्हा सुनीती स्टुलावर काचेपाशी मटार सोलत बसली होती. गुडघ्यांवरचं पातळ जरा वर घेऊन, ऊन घेत. डॉक्टरांनी सांगितलेलं ती मात्र नेमाने करते, माझ्यासारखं नाही. मी टोपली घेऊन तसाच गच्चीवर गेलो. तिला वर येववत नाही. जिना चढवत नाही तिला.

७ डिसेंबर

शौनकला कळवायला हवं. फोन हातात घेतला. तिकडे रात्र असेल म्हणून ठेवला. सकाळीही असंच काहीतरी कारण सापडलं होतं.

१४ डिसेंबर

ज्या बाईने किसणी वेगळी करायला लावली, ती महिपतीला औषध पाजते. मी घातला की थेंब त्याच्या नाकात जातो. सुनीती त्याची मान दोन बोटांत धरते, चिमट्याची कड ओठात सारते, तोंड उघडलं की थेंब सोडते. ‘आ कर, आ कर रे महिपती. कडू असतंच बाबा औषध.’

‘प्रजेत नव्हतीस ना तू?’ मी म्हटलं.

‘प्रजेत नाहीच. राजाला औषध कोण पाजतं? राजवैद्य.’

दुपारपर्यंत मी गच्चीवर. कावळ्यांवर नजर ठेवावी लागते. आज तासभर ऊन घेतल्यावर त्याच्या कुशीवर हिरवा पट्टा उमटला. आधी पुसट, मग चांगला ठळक. मी धावत जिन्याच्या तोंडाशी गेलो आणि खाली हाका मारल्या, ‘सुनीती, हिरवा झाला! हिरवा झाला गं!’

रामदासने दार उघडून वर पाहिलं. 

२१ डिसेंबर, रविवार

महिपती गेला. गच्चीवर, भर उन्हात. काल आणि आज त्याने औषध गिळलं नव्हतं, ते ओठांवरून तसंच ओघळलं. मी त्याच्यासाठी जुन्या कविता म्हणत बसलो होतो. एक संपली, दुसरीची सुरुवात आठवेना, म्हणून त्याच्याकडे पाहिलं. एक डोळा मिटला होता. दुसरा उघडा होता, पण तो फिरत नव्हता.

एवढं ऊन होतं अंगावर. असं स्वच्छ, बिनकाचेचं.

खाली जास्वंदीपाशी पुरला. रामदासने कुदळ आणली आणि खड्डाही त्यानेच केला. सोसायटीच्या आवारात असं करायला परवानगी लागते. ती देणारा सेक्रेटरी तोच. माझ्या हातून माती घालून घेतली आणि ‘पायरी सांभाळा, सर’ एवढंच म्हणाला.

किड्यांच्या किसणीवर आज गाजर किसलं नाही. उरलेले रातकिडे डब्यात ओरडतायत. त्यांना नदीकाठी सोडून येईन.

२५ डिसेंबर

शौनकला सुट्टी, त्याचा फोन येणार हे ठरलेलं होतं. सकाळपासून मनात वाक्यं जुळवत होतो. वक्तृत्वाला उभं राहणाऱ्या पोरांना सांगायचो तेच स्वतःला सांगितलं: थांबू नकोस, डोळे खाली नकोत. ‘शौनक, तू जीव माझ्या हवाली केला होतास. तुझी सूचना स्पष्ट होती. मी ती पाळली नाही. माझ्या हट्टाने तो गेला. मला क्षमा कर.’ पाच वाक्यं. मुलाला कधी म्हणालो नव्हतो असं काही.

फोन आला. मी म्हणालो, ‘शौनक, महिपती गेला.’

‘कोण?’

‘तुझा सरडा.’

‘ओह. पिक्सेल? अरेरे. वाईट वाटलं, बाबा.’ मग मागे तनयाला सांगितल्याचं ऐकू आलं. तीही ‘ओह नो’ म्हणाली.

‘चूक माझी आहे. ती नळी मी–’

‘बाबा, प्लीज. असं मनाला लावून घेऊ नका. ते प्राणी नाजूकच असतात, कुणाकडेही गेला असता.’

‘तसं नाही. ऐक. तू सांगितलं होतंस की दिवसभर–’

‘अहो, खरंच इट्स ओके. उलट मी विचारच करत होतो की त्याचं काय करायचं. ॲक्चुअली तेच बोलायचं होतं. इथे मंदीत घरं खूप स्वस्त झालीयत. आम्ही एक बघितलंय. कंपनी पण पुढची कागदपत्रं करतेय. मार्चचं तसं आता... मी आईशी निवांत बोलेन. तुम्ही आत्ता लगेच नका सांगू तिला. आणि तो पिंजरा, लाइट वगैरे कुणाला तरी देऊन टाका. चांगलं सामान आहे.’

मी ‘बरं’ म्हणालो. माझी दोनच वाक्यं बोलून झाली होती, तीही अर्धी. उरलेली कुणाला ऐकवायची? ज्याचं गेलं तो ऐकणारा नव्हता, आणि जो ऐकत होता त्याचं काही गेलंच नव्हतं.

फोन ठेवला. सुनीती हात पुसत बाहेर आली.

‘मला नाही दिलात? काय म्हणाला?’

‘घाईत होता. वाईट वाटलं म्हणाला.’

‘किती?’

‘पिंजरा कुणाला तरी देऊन टाका म्हणाला.’ ती भिंतीला हात टेकून उभी राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे येत नाही तो.’